चाळीस कुंड्या, तीनशे कॅसेट आणि बाबा

प्रश्न थोडक्यात असा: "बाबांना जाऊन नऊ महिने झाले. त्यांना गाण्याचं वेड, गुलाबांचं वेड, गडकिल्ल्यांचं, फोटोंचं, सायकलींचं. खोली जशीच्या तशी आहे. सामान काढलं तर बाबांनाच घराबाहेर काढल्यासारखं वाटतं. ठेवलं तर आईला त्या खोलीत पाऊल टाकवत नाही. वर्षश्राद्धाच्या आत काहीतरी ठरवायला हवं. काय करावं?"

विचारणारा मुलगा साताऱ्याचा. आई त्याच्याजवळ, बहीण जर्मनीत. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एकच छंद असलेला माणूस गेला तर हा पेच फारसा पडत नाही, पेटी कोणाला तरी देतात आणि विषय मिटतो. पाच छंदांच्या माणसाचे मात्र घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला वेगळे बाबा आलेले असतात. भांडण वस्तूंवरून होतंय असं दिसतं. खरा वाद असतो तो कोणाचे बाबा खरे याचा.

सुरुवातीला आवरायचा क्रम बदलला. लोक साधारण ज्या वस्तूत जीव जास्त अडकलाय तिथून हात घालतात, आणि पहिल्याच कपाटापाशी बसून राहतात. त्यापेक्षा आधी काय खराब होणार ते बघावं. कुंडीतली झाडं उन्हाळ्यात दोन-चार दिवसांत माना टाकतात. फोनमधला आवाज काही महिन्यांत हातचा जाऊ शकतो. कॅसेट काही पावसाळे काढतात. कपडे, पुस्तकं, सायकल यांची घाई नाही.

फोन मुलगा चार्ज करून ठेवत होता, रिचार्ज मात्र बंद. आपल्याकडे प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळतो. व्हॉट्सॲपचं खातंही साधारण 120 दिवस निष्क्रिय राहिलं की काढलं जातं. म्हणून बँकेची वारसाची कामं उरकेपर्यंत तरी नंबर चालू ठेवावा. फोनमधून व्हॉट्सॲप काढू नये, फोन रिसेट करू नये. केबल लावून व्हॉइस नोट्सचं फोल्डर संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावं. फोन उघडतच नसेल तर बाबांनी ज्यांना ज्यांना आवाज पाठवला होता, त्यांच्याकडून मागवावा. इथे भाच्याकडे पुष्कळ व्हॉइस नोट्स निघाल्या, बहुतेक "पोचलास का?" एवढ्याच.

कॅसेटच्या बाबतीत घाईनेच नुकसान होतं. कॅसेटच्या खिडकीतून आत पाहिल्यावर फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावायचीच नाही. बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढची कॅसेटही बिघडते. त्या वेगळ्या पिशवीत घालून जाणकाराकडे द्याव्यात. चांगल्या असतील त्यांच्या वरच्या कडेच्या दोन छोट्या खिट्ट्या आधी मोडाव्यात, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसलं जात नाही. मग पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवून सैल करावी आणि एकदाच वाजवताना डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये (आवाज न दाबता साठवणाऱ्या) उतरवावी. तीनशेच्या तीनशे उतरवायची गरज नसते. बाजारात मिळणारं गाणं आज कुठेही मिळतं. हाताने लिहिलेली लेबलं आधी. एका कॅसेटवर आकाशवाणीची मैफल होती. मध्येच बाबांचा आवाज, "अगं थांब, सम येतेय," आणि मागे कपबशी ठेवल्याचा आवाज. काकूंनी, म्हणजे मुलाच्या आईने, ती अर्ध्या मिनिटाची फीत तीनदा ऐकली आणि म्हणाल्या, "चहा गार झाला म्हणून नंतर मलाच बोलले होते."

इथून काकू मोकळ्या झाल्या. रविवार उजाडला की हे गृहस्थ गडावर. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, सगळं काकूंच्या अंगावर. प्रत्येक लेन्सचा खर्च घरात कळायचा तो सहा महिन्यांनी. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये या रीतीमुळे नऊ महिने हे सगळं पोटात राहिलेलं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण "काय हरहुन्नरी माणूस!" म्हणून जायचा. काकूंना खोलीत जाववत नव्हतं त्यामागे दुःख होतंच. त्याच्या जोडीला राग होता आणि त्या रागाची शरम होती. हे मुलांसमोर एकदा बोललं जाणं, मुलांनी "आई, असं नको ना बोलू" न म्हणता ऐकून घेणं, हे आमच्या मते सगळ्या आवराआवरीपेक्षा मोठं काम. कॅमेरा पहिला बाहेर गेला, काकूंच्याच हाताने, एका होतकरू पुतण्याकडे.

मुलाचा अडकलेला काटा वेगळा. चाळीस गुलाब आपणच जगवायचे असं त्याने ठरवून टाकलं होतं. चौदा गेले, आणि प्रत्येक वाळलेल्या कुंडीपाशी बाबा पुन्हा गेल्यासारखं त्याला वाटे. बाबा असताना तुला बागकाम आवडायचं का, असं विचारल्यावर उत्तर आलं, "छे! मी फक्त पाण्याचा पाइप धरायचो." बाबांबरोबर त्याचा खरा वेळ गेला तो सायकलची चेन काढून रॉकेलमध्ये धुण्यात. छंद असा सक्तीने अंगावर घेऊ नये. सहा कुंड्या ठेवल्या, बाकीच्या शेजारी आणि ओळखीच्या रोपवाटिकेत दिल्या. ठेवलेल्यांची छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर: बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) वर तिरका काप आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप). सायकल मात्र त्याने स्वतःकडे घेतली.

सामान आवरताना एका बैठकीत एकच कप्पा, चाळीस मिनिटं, दुपारची वेळ, दोन माणसं. रात्री नको, एकट्याने नको. हात लावण्याआधी खोलीचे फोटो काढावेत. तीन ढीग: ठेवायचं, द्यायचं, आत्ता ठरवायचं नाही. तिसऱ्या खोक्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख घालायची. ज्यांना काही द्याल त्यांना सोबत दोन ओळी लिहून द्या, वस्तू कशी वापरायचे ते. पेटी भजनी मंडळाला दिली तेव्हा चिठ्ठीत होतं: "काळी चारला सूर धरायचे. भाता फार ओढू नका."

वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची तर "बाबांविषयी चार शब्द लिहा" असं कोणाला सांगू नये. सगळे "दिलखुलास, मनमिळाऊ" लिहून मोकळे होतात. नेमकं विचारा: गडावर डब्यात काय असायचं? चिडले की काय करायचे? वयस्कर मित्रांपासून सुरुवात करा, फोनवर रेकॉर्ड करा, वीस मिनिटं पुरतात. मुलीने हे काम जर्मनीतून व्हिडिओ कॉलवर केलं. लांब राहिल्याची तिची टोचणी त्याने थोडी तरी कमी झाली.

वर्ष उलटूनही रोज तीच तीव्र ओढ, कामधंदा ठप्प, झोप-जेवण बिघडलेलं, असं असेल तर ते आवराआवरीने सुटणारं नाही. दीर्घकालीन शोकविकाराचं निदान मोठ्यांच्या बाबतीत अमेरिकी मानसोपचार नियमावलीत 12 महिन्यांनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात 6 महिन्यांनंतर करता येतं, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जगू नये असे विचार येत असतील तर वाट पाहूच नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास चालतो.

या घरात तिसऱ्या खोक्याची तारीख येऊन गेली. आत गडांच्या वह्या आणि एक फाटकी विजार. वह्या मुलीने मागून घेतल्या. विजारीचं काकूंनी अजून ठरवलेलं नाही. खोक्यावर नवी तारीख घातली.