फाटक्या पुस्तकाचं साल आणि संदर्भांच्या इतर शंका

लघुशोधप्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की या सदराच्या टपालात एकच विषय असतो: पुस्तकांचे संदर्भ. विद्यापीठ अमरावतीचं असो, नागपूरचं असो की गोंडवाना, शंका त्याच. उत्तरं देताना माझा एक हट्ट आहे, तो आधीच सांगून ठेवते: जी प्रत तुमच्या हातात होती, तिचीच नोंद करा.

मॅडम, पुस्तक आमच्या गावच्या वाचनालयातलं आहे, पण पहिली दोन पानं फाटेल आहेत. मंग साल कुठून आणू? ऑनलाइन दुकानात १९९८ दाखवते. ते टाकू का? (एम.ए. मराठी, दर्यापूर)

ते १९९८ टाकू नका. दुकानातली प्रत तिसऱ्या आवृत्तीची असेल, तुमची पहिलीची. तुम्ही पान ८४ लिहाल आणि तपासणाऱ्याला त्याच्या प्रतीत पान ८४ वर भलतंच काही सापडेल.

आधी पुस्तकाचीच झडती घ्या. प्रस्तावनेखाली लेखकाचं गाव आणि तारीख बहुधा असते. शेवटच्या पानावर कधीकधी मुद्रकाचं नाव आणि साल मिळतं. तिथंही नसेल तर ग्रंथपालांकडे दाखल नोंदवही मागा, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक घालून लिहून ठेवतात ती वही. दाखल क्रमांकासमोर लेखक, प्रकाशक, किंमत आणि पुष्कळदा प्रकाशनवर्षही लिहिलेलं असतं. वर्षाचा रकाना कोरा निघाला तरी दाखल तारीख असेल. पुस्तक त्या तारखेच्या आधीचं, एवढं तरी पक्कं होतं.

जुन्या प्रस्तावनेत शके असेल तर त्यात ७८ मिळवा. माघ-फाल्गुनातली तारीख असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी वर्ष पालटलेलं असतं. चैत्र शके १८८४ म्हणजे १९६२, पण माघ शके १८८४ म्हणजे १९६३. हा घोटाळा छापील प्रबंधांतही दिसतो. प्रस्तावनेवरून काढलेलं साल हा शेवटी अंदाजच, म्हणून ते चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह द्या: [१९६३?]. काहीच हाती लागलं नाही तर सरळ 'प्रकाशनवर्ष नाही' असं लिहा आणि 'शीर्षकपान गहाळ' ही टीप वाचनालयाच्या नावासह जोडा. परीक्षक त्याचे गुण कापणार नाहीत. खोटं साल सापडलं तर मात्र बाकीच्या नोंदींवरही संशय घेतील.

गाइड सर म्हणतात संदर्भ एमएलए पद्धतीनं द्या, विभागातल्या मॅडम म्हणतात एपीए पद्धतीनं. आणि प्रकाशकाच्या गावाचं नाव द्यायचं की नाही? (पुसद)

सही ज्यांची लागते त्यांचं ऐका, पण त्याआधी विद्यापीठाची नियमावली उघडून पाहा. मजकुरात एमएलए आडनाव आणि पान मागते: (देशमुख ८४). एपीएला सालही लागतं, आणि उतारा शब्दशः असेल तर पानही: (देशमुख, १९६३, पृ. ८४). काहीही निवडा, फक्त दोन्हींची खिचडी करू नका.

गावाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. एमएलएनं २०१६ च्या आठव्या आवृत्तीत आणि एपीएनं २०१९ च्या सातव्या आवृत्तीत प्रकाशनस्थळ बहुतेक पुस्तकांसाठी वगळलं. जगभर शाखा असलेल्या प्रकाशकांना ते चालतं. आपल्याकडे वणीला किंवा खामगावला एखादे गुरुजी पदरमोड करून दोनतीनशे प्रती छापतात आणि मुलीच्या नावानं 'प्रकाशन' काढतात. ते एकच पुस्तक काढून बंद पडतं. गाव गाळलं तर असं पुस्तक शोधायचं कुठं? नियमावली आडवी येत नसेल तर गाव ठेवा.

मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथातलं गोंडांवरचं प्रकरण मी मोबाइलवर पीडीएफमध्ये वाचलं. पीडीएफ एक पान दाखवते, छापलेला आकडा वेगळाच. कोणता लिहू? (पीएच.डी., गडचिरोली)

छापलेला. पीडीएफ मुखपृष्ठ, कोरी पानं, प्रस्तावना, सगळंच मोजत जाते. स्कॅनऐवजी नुसता टाइप केलेला मजकूर असेल आणि त्यात पानांचे आकडे नसतील, तर प्रकरणाचं आणि उपशीर्षकाचं नाव द्या. हा ग्रंथ चार खंडांचा आहे, १९१६ साली लंडनच्या मॅकमिलननं काढलेला, आणि गोंडांवरचं प्रकरण तिसऱ्या खंडात आहे. खंड क्रमांक विसरलात तर वाचकाला चारही चाळावे लागतील. तुमचं स्कॅन पुनर्मुद्रणाचं असेल तर दोन्ही सालं द्या: मूळ १९१६, पुढं पुनर्मुद्रणाचं.

तुम्ही मूळ वाचलंत हे बरं केलं. अनेकांनी त्यातल्या पाच ओळी कुठल्यातरी मराठी पुस्तकात वाचलेल्या असतात आणि सूचीत मात्र थाटात 'लंडन, १९१६' असतं. मराठी पुस्तकातून घेतलं असेल तर 'रसेल व हिरालाल, उद्धृत' असं लिहून पुढं त्या मराठी पुस्तकाचं नाव आणि पान द्या. सूचीतही त्याचीच नोंद करा.

ग्रामगीतेच्या ओवीचा संदर्भ कसा द्यावा? पान की ओवी? (तिवसा)

अध्याय आणि ओवी. ग्रामगीतेचे ४१ अध्याय आहेत, आणि पानं आवृत्तीगणिक बदलली तरी ओवी तिथंच राहते. कोणती आवृत्ती वापरली ते सूचीत एकदा सांगा. लीळाचरित्राला मात्र लीळेचा क्रमांक एकटा पुरत नाही. संपादकागणिक क्रम बदलतो, म्हणून पूर्वार्ध की उत्तरार्ध ते सांगा आणि संपादकाचं नावही द्या.

सूचीत 'महाराज, तुकडोजी' असं करू नका. संदर्भाचं सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव समजून उचलतं आणि आपण त्याला अडवत नाही. नोंद 'तुकडोजी महाराज' अशीच, त वर्णाखाली. कवी 'ग्रेस' हेही ग वर्णाखालीच, माणिक गोडघाटे म्हणून नव्हे, कारण मुखपृष्ठावर ग्रेस आहे. डॉ., प्रा., ह.भ.प. सूचीत गळतात. लेखकांना राग आला तर येऊ द्या.

झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांवर काम करतो आहे. संहिता छापलेल्याच नाहीत. आणि दंडार या लोकनाट्याची गाणी म्हणणाऱ्या आजीचं नाव कुठं टाकायचं? (ब्रह्मपुरी)

छापलेलं नसलं तरी ते साधनच. नाटककार, नाटकाचं नाव, 'अप्रकाशित संहिता', ती टंकलिखित की हस्तलिखित, कोणाच्या संग्रहात आहे आणि तुम्ही ती कधी पाहिली, एवढं लिहा. वडशाला प्रयोग पाहिला असेल तर त्याची वेगळी नोंद करा: मंडळ, गाव, दिनांक. रंगमंचावरचे शब्द संहितेत असतीलच असं नाही, म्हणून या दोन नोंदी एकात कोंबू नका.

आजीचं नाव त्यांना विचारून, पूर्ण लिहा: नाव, गाव, गाणं ऐकल्याचा दिनांक, 'पारंपरिक'. नाव नको म्हणाल्या तर वय आणि तालुका द्या. आपल्या प्रबंधांत दोन ओळींसाठी प्राध्यापकांचं नाव सगळ्या पदव्यांसकट येतं आणि ज्या बाईनं अख्खं प्रकरण गाऊन दाखवलं ती 'एक वृद्ध स्त्री' म्हणून उरते. मला याची चीड येते.

दहा टक्के कॉपी चालते ना? (चिखली)

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, चाळीस ते साठमध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि त्यापुढं नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत, श्रेय देऊन घेतलेले उतारे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. म्हणजे जो सांगून घेतो त्याला हे दहा टक्के लागतच नाहीत. दोनशे पानांच्या प्रबंधात वीस पानं चोरायची सवलत म्हणून ते वाचू नका. आणि 'शेतकरी' काढून 'कास्तकार' घातलं की वाक्य आपलं होत नाही, त्यालाही संदर्भ लागतो.

आधीच्याच पुस्तकाचा संदर्भ पुन्हा आला की तळटिपेत 'तत्रैव' (तिथंच) लिहावं का? (गोंदिया)

शेवटच्या दिवसापर्यंत टाळा. मधे एक नवी टीप घुसली की खालचं 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं आणि संगणक काही सांगत नाही. 'देशमुख, पृ. ८४' इतकं लिहिलं की काम भागतं.