निर्णय मुलांच्या हातात राहू दे

प्रिय मुली,

शारीरिक शिक्षणाच्या तासासाठी केलेली तुझी हस्तपुस्तिका काल रात्री वाचली. प्रत्येक खेळापुढे रकाना आखून 'सहकार्य', 'नेतृत्व', 'चिकित्सक विचार' लिहिलंयस आणि शेवटी विचारतेस, "मॅडम, अजून काय घालू?" अगं, घालू नकोस, काढ. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या विषयाला श्रेयांक (क्रेडिट) आले, रकाने भरायचं दडपण आहे, कळतं मला. पण कुणी कुठे बसायचं, कुणी कुणाला खो द्यायचा, हेसुद्धा तूच लिहिलंयस. मग मुलांनी ठरवायचं काय?

खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. पळणारा पलीकडे गेला की हाव सोडून नेमक्या गड्याला खो द्यायचा. तुझं सहकार्य त्या नियमातच आहे, वेगळं शिकवू नकोस.

पहिला डाव नुसता खेळू दे. जो खेळत नाही त्याच्या हातात स्टॉपवॉच दे. कोण किती सेकंद टिकला, कुठे बाद झाला, त्यानं टिपायचं. मग पाच मिनिटं ते आकडे बघून मुलांनीच ठरवायचं आणि तू गप्प बसायचं. तुला राहवणार नाही, तरी गप्प. त्यांचा निर्णय चुकू दे, दुसऱ्या डावात दिसेलच. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपले दोन्ही संघ जिंकले. त्या सामन्यांचे व्हिडिओ दाखव, पण खो द्यायच्या क्षणी थांबव आणि विचार, आता कुणाला?

मीही पुस्तिका केली होती. मैदानाची मापं, स्नायूंची नावं, सगळं होतं. मुलं आदल्या रात्री एकमेकांची उतरवायची, मी सह्या करायची. गुडघा दुखावलेली एक मुलगी वर्षभर कडुलिंबाखाली सगळ्यांची घड्याळं सांभाळत बसायची. एकदा म्हणाली, "मॅडम, आपले गडी रोज त्या पलीकडच्या खांबापाशीच फसतायत." मी म्हटलं, "तू घड्याळं सांभाळ." बरोबर होतं तिचं. मैदानावर सगळ्यात जास्त तिनंच पाहिलं होतं. माझ्यापुढे एकशेवीस मुलं होती, मैदान अर्धं, तपासणीला फाईल लागायची. हे खरंच आहे. पण तिला विचारायला फाईल आडवी आली नव्हती.

म्हणून सांगते, निर्णय त्यांचा. एका खेळाला एकच पान ठेव, त्यावर तीन मोकळ्या जागा: काय झालं, काय ठरवलं, काय बदललं. सोमवारी एका तुकडीवर करून बघ आणि मुलांनी भरलेलं पान मला पाठव, तुझं नको. स्टॉपवॉच कुणाकडे होतं, तेही कळव.

तुझी,
मॅडम