बारावीच्या पेपरांतच जुना आजार उफाळला, तर इंजिनिअरिंगचा प्रवेश हातचा जाईल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार) आहे, परीक्षेच्या तोंडावरच उफाळतो, बोर्डाचे टक्के घसरले तर इंजिनिअरिंगचं काय, आणि डॉक्टरांचं पत्र फॉर्मला जोडलं तर कुणी विचार करेल का. तू बारावीतला, म्हणून एकेरीतच लिहिते. मीही सोलापूरचीच, आजारही हाच, बारावी २०१९ ची.

आधी पत्राचं. कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, तुझं पत्र वाचायला कुणी बसलेलंच नसतं. तू बहुतेक परदेशातल्या मुलांचे अनुभव वाचलेस. इंग्लंडात विद्यापीठ आधी 'एवढे ग्रेड आण, जागा तुझी' अशी अट घालून ऑफर देतं, आणि ऐन परीक्षेत आजारी पडलेल्याला परीक्षा मंडळ त्या पेपरात जास्तीत जास्त ५ टक्के मार्क वाढवून देऊ शकतं. आपल्याकडे ऑफरही नाही आणि वाढीव मार्कही नाहीत. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतला पर्सेंटाइल, तुझा प्रवर्ग आणि तू भरलेले पर्याय, यावर यादी लागते.

पण हेच तुझ्या पथ्यावर पडतं. बोर्डाचे मार्क तिथे फक्त उंबरठा ओलांडण्यापुरते लागतात: पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून) खुल्या वर्गात ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला आणि दिव्यांगांना ४०. मला पीसीएमला ५८ पडले. मावशीने 'दहावीला तर ९१ होते ना गं?' असं चारदा विचारलं, कॉलेजने एकदाही नाही. अपवाद एनआयटीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग संस्थांचा. तिथे जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेबरोबर बारावीला ७५ टक्के (एससी, एसटी, दिव्यांगांना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. तुझी नजर तिकडे असेल तर गणित वेगळं.

फिजिक्सच्या पेपरला मी तीनदा उठले. दर वेळी बाई उत्तरपत्रिका उलटी ठेवायला लावायच्या, मग शिपाईमावशींना हाक, मग व्हरांड्याच्या पार टोकाला जायचं. तिसऱ्यांदा परत येताना समोरून भरारी पथक. त्यातल्या एका मॅडमनी माझी ओढणी झटकून बघितली, कंपास उघडून बघितला. मला रडूही येईना, कारण पोटात पुन्हा कळ आली होती. जागेवर बसले तेव्हा ४० मिनिटं उरली होती आणि एक अख्खा सेक्शन कोरा. शिपाईमावशी मात्र पुढच्या पेपरपासून मी हात वर करायच्या आधीच दाराशी येऊन थांबायच्या.

त्या रात्री भावाने हिशोब मांडून दाखवला, तो तुलाही देते. फिजिक्सचा लेखी पेपर ७० मार्कांचा, वेळ तीन तास. म्हणजे मार्कामागे अडीच मिनिटं. पाच मिनिटं बाहेर गेलास तर दोन मार्क गेले. सीईटीत १८० मिनिटांत २०० मार्क, म्हणजे मार्काला ५४ सेकंद. तीच पाच मिनिटं तिथे साडेपाच मार्कांना पडतात, आणि तुझी यादी ठरते ती त्या मार्कांवर. म्हणून मी उरलेले पेपर उंबरठ्यापुरते लिहिले, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, मला मेमध्ये सीईटीला धड उभं करा. स्टेरॉइड तेव्हा सुरू झालं. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, हे विसरू नकोस. बाहेर जावंच लागलं, तर आल्यावर आधी उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी टिचकी मार, मग सोडवत बस. स्क्रीनवरचं घड्याळ तू बाहेर आहेस म्हणून थांबत नाही.

स्टेरॉइडची एक गंमत. महिना-दीड महिन्यात तोंड फुगून भोपळा झालं आणि हॉलतिकिटावरचा फोटो जानेवारीतला, गालफडं बसलेला. गेटवरचा माणूस एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे. आधार कार्ड दाखवलं, तो फोटो तर सातवीतला! शेवटी डॉक्टरांनी लिहून दिलेली दोन ओळींची चिठ्ठी कामाला आली: अमुक औषध चालू आहे, त्याने चेहऱ्यावर सूज येते. आईने ती आग्रहाने घ्यायला लावली होती. तूही घे.

डॉक्टरांचा कागद चालतो तो असा, परीक्षेच्या आधी. कॉलेजमार्फत केंद्रसंचालकांना अर्ज दे: दाराजवळचा बाक, शक्यतो तळमजला, शौचालयाला जायची मुभा, जवळ औषध आणि पाण्याची बाटली. तोंडी सांगू नकोस. अर्जाची पोच घे आणि तिची झेरॉक्स हॉलतिकिटाबरोबर ठेव. दिव्यांग कोट्याची आशा मात्र धरू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल आहेत, आपला आजार नाही. त्या २१ मधलं काही असून ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र असलेल्यांना आरक्षण मिळतं, पेपरला तासामागे २० मिनिटं जास्तही.

प्रॅक्टिकल बुडालं तर घाबरू नकोस, बोर्ड नंतर आऊट ऑफ टर्न घेतं. त्यासाठीही अर्ज कॉलेजमार्फतच, आणि दवाखान्याचे कागद लगेच द्यायचे. पुढच्या आठवड्यात देऊ म्हणून बसलास तर गेलं. लेखी पेपरच बुडाला तर पुरवणी परीक्षा असते, पण तिचा निकाल येईपर्यंत कॅपच्या किती फेऱ्या उरल्यात हे त्या वर्षीच्या वेळापत्रकावर ठरतं. म्हणून जमेल तसं, अर्धवट का होईना, पेपरला बसून ये. ३५ मार्कांनी पास झालेला माणूस श्रेणीसुधारला पुन्हा बसू शकतो. वर्ष गेलंच तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, बाकी काही आभाळ कोसळत नाही.

खाण्याचं काय, ते तुझे डॉक्टर सांगतील. मी दोन महिने ताकभातावर काढले. घरात सगळे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात असायचे आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे.

अर्जासाठी एखाद्या सरांकडे जाऊ नकोस, थेट प्राचार्यांच्या ऑफिसात जा. वडिलांना बरोबर ने, आणि प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आत जा. नंतर ऑफिसात कुणी जागेवर सापडत नाही.