होडीचा ट्रेलर मागे लावला की आरशात काय दिसायला हवं?

मे अर्ध्यावर आला की किनाऱ्यावर सगळीकडे एकच गडबड. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, मोठ्या नौका बंदरात शाकारून ठेवतात आणि ज्यांच्या छोट्या फायबरच्या होड्या आहेत ते त्या ट्रेलरवर घालून घराकडे नेतात. म्हणून यावेळी पत्रं बहुतेक ट्रेलरचीच आलीत, आणि त्यातही मागचं दिसत नाही हीच तक्रार जास्त आहे. बरं झालं विचारलंत. गाडी किती वजन ओढेल हे सगळे विचारतात, मागचं किती दिसेल हे फार कमी लोक विचारतात, आणि रस्त्यावर दुसऱ्याचा जीव त्या दुसऱ्या प्रश्नावर जास्त अवलंबून असतो.

प्रश्न: नमस्कार दादा. माझ्याकडे बोलेरो आहे आणि देवबागला १८ फुटी फायबरची होडी आहे. ट्रेलर बनवून घेतलाय, मडगार्डसकट ७ फूट रुंद. पावसाच्या आधी होडी कुडाळजवळ घरी आणायची आहे. आतल्या आरशात ताडपत्रीशिवाय काही दिसत नाही. बाहेरच्या आरशात कार, एसटी दिसते, पण बाईक एकदम बाजूला आल्यावरच कळते. आरसे बदलू की कॅमेरा लावू? – एक वाचक, कुडाळ

कॅमेऱ्याचं जरा बाजूला ठेवा आणि आधी टेप घ्या. बोलेरोची बॉडी १७४५ मिलिमीटर रुंद, तुमचा ट्रेलर ७ फूट म्हणजे साधारण २१३४ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेएकोणीस सेंटीमीटरच्या आसपास ट्रेलर गाडीच्या बाहेर आलाय. आता दोन्ही आरसे उघडून या आरशाच्या बाहेरच्या कडेपासून त्या आरशाच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. हे माप ट्रेलरच्या रुंदीएवढंच किंवा थोडंसंच जास्त भरलं तर तुम्ही लिहिलंय तेच होणार, कारण आरशातली नजर मडगार्डला घासून बाहेरच्या बाजूला जाते आणि ट्रेलरच्या बरोबर मागे, कडेला लागून जो पट्टा राहतो तो तुम्हाला दिसतच नाही. कार रुंद असते म्हणून तिचा अर्धा भाग तरी त्या पट्ट्याच्या बाहेर येतो. बाईक पूर्ण मावते त्यात.

आणि आपल्या रस्त्यावर बाईकवाला चालतोही तसाच, होडीच्या मागे चिकटून, मग समोरचं बघायला थोडा उजवीकडे डोकावतो आणि मोकळं दिसलं की निघतो, आणि नेमका त्याच वेळी तुम्ही खड्डा चुकवायला गाडी उजवीकडे घेतलीत तर त्याला जायला जागाच उरत नाही. त्याला वाटतं आपण आरशात दिसलो असणार. तुम्हाला वाटतं मागे कोणी नाही. दोघांचीही चूक म्हणता येत नाही अशी ही वेळ असते, म्हणून ती घरून निघायच्या आधीच टाळायची.

तुम्हाला हवेत एक्स्टेन्शन आरसे, म्हणजे गाडीच्या मूळ आरशावर पट्ट्याने किंवा क्लॅम्पने बसतात आणि काच बाहेर आणतात ते. जोडीच घ्या, फक्त उजवीकडचा घेऊन भागत नाही. काच दोन प्रकारची मिळते. सपाट काचेत मागची गाडी आहे तेवढीच दिसते, अंतर नीट कळतं, पण दिसणारा भाग अरुंद. फुगीर काचेत भाग जास्त मावतो पण सगळं लहान दिसतं, म्हणजे जवळ आलेली गाडी लांब वाटते. माझं मत विचाराल तर उजवीकडे सपाट आणि डावीकडे फुगीर, कारण उजवीकडून ओव्हरटेक करणाऱ्याचं अंतर कळायला हवं आणि डावीकडे काय काय आहे ते नुसतं दिसायला हवं. बसवल्यावर हाताने हलवून बघा. मूळ आरशाचं घर धरून सगळंच डुगडुगत असेल तर साठच्या स्पीडला त्यात काहीही ओळखू येणार नाही, मध्ये रबराचा तुकडा घाला, नाहीतर दुसरे घ्या. पट्ट्याखाली रेती राहू देऊ नका, रंग जातो.

बसवले म्हणजे झालं असं नाही, तपासायचं कसं ते सांगतो. ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, ओढणाऱ्यांसाठी माप ठरलेलं आहे, ड्रायव्हरच्या डोळ्यापासून २० मीटर मागे, कॅरॅव्हॅनच्या बाजूचा ४ मीटर रुंद पट्टा आरशात दिसला पाहिजे, दोन्हीकडे. आपण तेच वापरू. सकाळी रस्ता मोकळा असताना होडीसकट गाडी सरळ उभी करा, तुम्ही सीटवर नेहमीसारखे बसा, आणि घरातल्या कोणाला तरी दोरी धरून २० मीटर मागे ट्रेलरच्या कडेच्या रेषेत उभं करा. तिथून तो चार मीटर बाहेर चालत जाईल. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत दिसला तर उत्तम, मध्येच गायब झाला तर काच फिरवा. मग दुसरी बाजू.

हे सगळं होडी चढवून, इंजिन लावून, टाकी भरून करायचं, रिकाम्या ट्रेलरवर नाही. हुकवर वजन आलं की गाडीचा मागचा भाग बसतो आणि आरसे रस्त्याकडे झुकतात. बोलेरोसारख्या गाडीचं मागचं टोक पाच सेंटीमीटर बसलं तरी २० मीटरवर नजर एक फुटापेक्षा जास्त खाली येते, म्हणजे लांबून येणाऱ्या गाडीऐवजी तुम्ही डांबर बघत बसता. आरशाच्या आतल्या कडेला ट्रेलरची बाजू बारीक पट्टीएवढी दिसू द्या, चाकाचा टायर दिसलाच पाहिजे. तो टायर बसायला लागला तर गाडीत बसून कळत नाही, आरशातच कळतं.

चाक दिसायला हवं त्याचं आणखी एक कारण तुमच्या रस्त्यावरच आहे. देवबागचा रस्ता म्हणजे एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी वस्ती, पुढे मालवणहून चौके, धामापूर, नेरूरपार करत जाताना वळणं आहेत आणि वळणाच्या आतल्या अंगाला जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. ट्रेलर गाडीच्या चाकोरीतून जात नाही, तो वळण आतून कापतो. डावीकडे वळताना डाव्या आरशात बघा, मडगार्ड आणि गडगा यांच्यात फट दिसतेय तोवरच वळत राहा, फट मिटायला लागली की थांबा आणि गाडी थोडी सरळ पुढे काढून मग वळा. वळताना उजव्या आरशात तेवढा वेळ ट्रेलर दिसतच नाही, म्हणून उजवीकडची खात्री वळायच्या आधीच करून घ्यायची.

आतल्या आरशाला कोणी बाद धरू नका. मागचा रस्ता नाही दिसत, पण होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि ती पुढून ओढून धरणारा विंचचा पट्टा दिसतो. ताडपत्रीचं टोक फडफडायला लागलं किंवा नाळ आधी होती त्यापेक्षा बाजूला सरकलेली दिसली तर पुढची मोकळी जागा बघून थांबा आणि पट्टे आवळा.

प्रश्न: गुहागरला आमचा छोटा वॉटर स्पोर्ट्सचा धंदा आहे, स्कॉर्पिओ आणि जेट स्कीचा ट्रेलर. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने दापोलीकडे जाणं-येणं असतं. ट्रेलर भरलेला असेल तर रिव्हर्स जमतो पण रिकामा असला की दिसतच नाही, आणि दिसतो तेव्हा तो आडवा झालेला असतो. रॅम्पवर तर फारच घाबरायला होतं. – एक वाचक, गुहागर

रिकामा ट्रेलर बुटका आणि अरुंद, म्हणजे तो पूर्ण गाडीच्या मागे लपतो. त्यात गाडी सपाटीवर आणि ट्रेलर रॅम्पच्या उतारावर गेला की आणखी खाली जातो, काचेतून वळून बघितलंत तरी नाही दिसणार. उपाय अगदी स्वस्त आहे. ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचे उभे दांडे लावा, मागच्या काचेच्या खालच्या कडेच्या वर येतील एवढे उंच, आणि वरच्या टोकाला लाल-पांढरी रिफ्लेक्टरची टेप गुंडाळा. दोन्ही दांडे दिसताहेत म्हणजे ट्रेलर सरळ आहे. एक बाजूला सरकायला लागला की दांडा आधी सांगतो, चाक नंतर दिसतं. जेट स्की चढवतानाही त्याच दोन दांड्यांच्या मधे आणायची, पाण्यात ट्रेलर दिसत नसला तरी कडा कळतात.

रिव्हर्सला हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा, मग हात जिकडे नेता तिकडे ट्रेलरचं मागचं टोक जातं, उलटसुलट विचार करावा लागत नाही. आणि ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागला, त्या आरशाच्या बाजूला स्टिअरिंग, म्हणजे गाडीची पुढची चाकं, वळवलं की तो परत सरळ होतो. थोडंसंच वळवा. ट्रेलर जितका आखूड तितका पटकन आडवा होतो आणि जेट स्कीचा ट्रेलर आखूडच. खूप आडवा झाला तर रिव्हर्समध्ये झगडू नका, पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा या. फेरीवर मागे रांग असते, लोक हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

निवड तुमच्या हातात असेल तेव्हा उजवीकडे वळण घेत मागे या, आपल्या गाडीत ड्रायव्हर उजवीकडे बसतो म्हणून त्या बाजूला खिडकीतून डोकं काढून बघता येतं. डावीकडचं वळण बरंचसं आंधळं. फेरीवरचा माणूस किंवा तुमचा मुलगा मागे उभा राहून हात दाखवत असेल तर त्याला एकच गोष्ट पक्की सांगा, त्याला जर तुमचा चेहरा आरशात दिसत नसेल तर तोही तुम्हाला दिसत नाहीये. तो आरशातून गेला की तुम्ही ब्रेक मारायचा, तो परत दिसेपर्यंत गाडी हलवायची नाही. शेवाळ धरलेल्या रॅम्पवर माणूस घसरतो, आणि घसरला तर चाकाच्याच बाजूला जातो, म्हणून त्याला गाडी आणि ट्रेलरच्या मधे कधीच उभं करू नका.

प्रश्न: ऑनलाइन वायरलेस कॅमेरा बघितला, लोहचुंबकाने चिकटतो. ट्रेलरच्या मागे लावला तर आरशांची गरज उरणार नाही ना? शिवाय ट्रेलर लावला की गाडीचे पार्किंग सेन्सर सारखे ओरडतात. – एक वाचक, रेवदंडा

गरज उरते. कॅमेरा लावा, चांगलाच आहे, ट्रेलरच्या बरोबर मागे चिकटून चाललेला बाईकवाला फक्त त्याच्यातच दिसतो, कुठल्याही आरशात नाही. पण बाजूने वर आलेली गाडी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जाते, आणि वायरलेसला सिग्नल अडखळला की चित्र क्षणभर थांबतं, ते थांबलंय हे लगेच लक्षातही येत नाही. म्हणून लेन बदलायची ती आरसे बघून, कॅमेरा फक्त मागचा पट्टा बघायला.

खाऱ्या हवेत तो टिकवणं हेही एक काम आहे. आयपी ६७ लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. ती चाचणी गोड्या पाण्यात होते, आणि आपल्याकडे समुद्राचं पाणी आधी कनेक्टर खातं. ट्रेलर पाण्यात उतरवायच्या आधी कॅमेरा काढून घ्या आणि लाइटचा सॉकेटही सोडवा, वर आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा. चुंबकाच्या भरवशावर राहू नका, दुसरी दोरी बांधा. आरशांच्या काचांवरही खाऱ्या हवेचा पातळ थर बसतो, कोरड्या फडक्याने पुसलात तर नुसता पसरतो, ओल्या फडक्याने पुसा.

सेन्सरला मागचा ट्रेलर म्हणजे भिंतच वाटते, म्हणून तो ओरडतो. बऱ्याच गाड्यांत बंद करायचं बटण असतं. गाडीचा मूळ रिव्हर्स कॅमेरा मात्र हुक जोडताना फार कामाचा, ट्रेलरचा कपलर हुकच्या बॉलच्या नेमका वर आणायला दुसऱ्या माणसाची गरज राहत नाही.

प्रश्न: रात्री समोरचे सगळे मला डिपर देतात, ट्रेलर नसताना नाही देत. – एक वाचक, हर्णै

मागचा भाग बसलाय, म्हणून तुमचे हेडलाइट वर गेलेत. डॅशबोर्डवर लेव्हलरची चकती असेल तर ती फिरवून झोत खाली घ्या. नसेल तर होडी ट्रेलरवर थोडी मागे सरकवून हुकवरचं वजन कमी होतं का बघा, पण फार मागे नको, हुकवर वजनच उरलं नाही तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि ते प्रकरण जास्त वाईट.

प्रश्न: एक्स्टेन्शन आरसे कायम ठेवले तर चालतील का? आणि ट्रेलरला वेगळा नंबर लागतो का? – एक वाचक, अलिबाग

ट्रेलर सोडला की आरसे काढून सीटखाली ठेवा. नागाव, आक्षीच्या वाड्यांमधल्या रस्त्यावर ते सायकलवाल्याच्या खांद्याच्या उंचीवर येतात. नंबरचं म्हणाल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे त्याची नोंदणी लागते. बनवून घेणार असाल तर वेल्डिंगला देण्याआधी आरटीओत जाऊन काय काय लागेल ते विचारा. मागचे लाइट, इंडिकेटर आणि नंबर प्लेट होडीच्या इंजिनामागे झाकली जात नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.