घरचं पोल्ट्री शेड, आईची डीएमएलटी आणि तुझी एमएस्सी

तुझं पत्र मिळालं. टी.वाय. मायक्रो (बीएस्सी मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष), विट्याजवळ घरचं ब्रॉयलरचं शेड, कॉलेजात अँटिबायोटिक रेझिस्टन्स, म्हणजे बॅक्टेरिया औषधाला दाद देईनासे होणं, शिकल्यापासून पप्पा पाण्याच्या टाकीत कुठलं औषध टाकतात तिकडेच लक्ष, आणि आई म्हणते गप डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) कर नि लॅबला लाग, मग पुढं काय करू म्हणतेस. आईचं चूक नाही गं, तिला पगार दिसतोय.

आधी नको ते सांगते. बीएस्सीवर एमव्हीएस्सीला (जनावरांच्या डॉक्टरकीतलं पुढचं शिक्षण) घेत नाहीत, त्याला बीव्हीएस्सी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची डिग्री लागते, म्हणजे परत नीट आणि पुढं साडेपाच वर्षं, तो नाद सोड. तू एमएस्सी मायक्रोच कर, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ जवळ पडतं, गॅट-बी (बायोटेकच्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) पण देऊन ठेव, मग नेट. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप निघाली तर महिन्याला 37,000, घरभाडं वेगळं. हा आकडा आईच्या कानावर घाल.

आता विषयाचं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक आयसीयूत बाकी काही लागू पडेना की काढतात, आणि तेच आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात जायचं, पक्षी लवकर वाढावा म्हणून! 2015 ला चीनमधे डुकरं, कच्चं पोर्क-चिकन आणि पेशंट, सगळीकडच्या ई. कोलाय या बॅक्टेरियामधे कोलिस्टिनला दाद न देणारा एमसीआर-1 जीन सापडला, तो प्लाझ्मिडवर (बॅक्टेरियातला डीएनएचा सुटा गोल तुकडा) असतो म्हणून हॉस्टेलात नोट्सची झेरॉक्स फिरावी तसा या बॅक्टेरियातून त्या बॅक्टेरियात जातो. जुलै 2019 मधे भारतात जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली. बाकीची बरीच औषधं चालूच आहेत, एनरोफ्लॉक्सासिनच बघ, पक्ष्याच्या अंगात त्याचं थोडंफार सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, म्हणजे आपल्या केमिस्टकडचंच.

लॅबमधे हात बसव. औषधाची डिस्क लावून झोन, म्हणजे भोवती बॅक्टेरिया न वाढलेलं वर्तुळ, मोजणं सगळ्यांनाच येतं, पण कोलिस्टिनचा रेणू मोठा, अगारमधे नीट पसरत नाही, त्यामुळे डिस्कवर भरवसा ठेवता येत नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (पातळ ब्रॉथमधे औषधाचं प्रमाण कमी-कमी करत बॅक्टेरिया वाढतात का बघणं) करावं लागतं. इंटरव्ह्यूला हे का ते सांगता आलं ना, तर समोरचा पेन खाली ठेवून ऐकतो.

शिवाय तुझ्याकडे जे आहे ते पुण्या-मुंबईच्या पोरांकडे नाही. एका बॅचची वही घाल, कितव्या दिवशी कुठलं औषध, बाटलीवर विड्रॉवल पिरियड (औषध थांबवल्यावर पक्षी विकेपर्यंत थांबायचे दिवस) किती लिहिलाय, पक्षी गाडीत कधी भरले. पप्पांना विचारून कर हां, चौकशी लावल्यासारखं नको, कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर पक्षी वाढवत असाल तर बऱ्याचदा औषध कंपनीचा सुपरवायझरच आणून देतो, त्यांच्या हातात फार काही नसतं.

आणि शेडातली विष्ठा डबीत भरून परस्पर कॉलेजला नेऊ नकोस, आधी मॅडमना विचार.