गुडघे दुखतात म्हणूनच अलास्का

प्रश्न : मी ६२ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली. आमचे हे ६७ वर्षांचे. येत्या वर्षी आमच्या लग्नाला ४० वर्षं होतील म्हणून मुलगा आम्हाला क्रूझला पाठवणार आहे. तो न्यू जर्सीला असतो, त्यामुळे दोघांच्याही पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे. ह्यांना अलास्का बघायचंय. ‘जन्मभर घामाघूम होऊन लोकल पकडल्या, आता तरी गारव्यात जाऊ’ असं त्यांचं म्हणणं. मला संधिवात आहे, थंडीत गुडघे धरतात. माथेरानलासुद्धा डिसेंबरात मी शाल सोडत नाही. मला वाटतं, सिंगापूरहून पेनांग-फुकेतला जाणारी क्रूझ बरी, नाहीतर ग्रीसची बेटं. शिवाय लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना मला बोट लागली होती, ती धास्ती अजून आहे. घरात रोज याच विषयावर वाद होतो. काय करावं?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, मी तुमच्या यजमानांची बाजू घेणार आहे आणि तीही तुमच्या गुडघ्यांसाठी. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

मी गिरगावातून २४ वर्षं टूरबरोबर जात होते. त्यातली निम्मी वर्षं क्रूझचे गट घेऊन. ‘थंडीचं की उन्हाचं’ हा प्रश्न प्रत्येक गटात कुणीतरी विचारायचंच आणि विचारणारा बहुतेक वेळा अंशांचा हिशेब करत असायचा. तिथे किती डिग्री, इथे किती डिग्री. मी त्यांना उलट विचारायचे, दिवसभर तुम्ही कुठे असणार? जहाजावर की जहाजाबाहेर?

उन्हाच्या मुलखातली क्रूझ म्हणजे एक फिरतं हॉटेल. रात्री झोपायचं, सकाळी उठून उतरायचं. पेनांगचं जॉर्जटाउन, फुकेतचे किनारे, जे काही बघायचं ते बंदराच्या पलीकडे. उतरा, बसमध्ये चढा, उन्हात चाला, पुन्हा बसमध्ये चढा आणि ठरल्या वेळेच्या आत जहाजावर परत या, कारण जहाज कुणासाठी थांबत नाही. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एक अंशावर आहे. तिथे बारा महिने दुपारी ३१-३२ आणि हवेत भरपूर ओल. आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये मुलुंड स्टेशनच्या जिन्यावर गुडघे जसे बोलतात, तसेच तिथेही बोलतील.

ग्रीसच्या बेटांचं तर मी अनुभवाने सांगते. सँटोरिनीला मोठी जहाजं धक्क्याला लागतच नाहीत. समुद्रात उभी राहतात आणि छोट्या बोटीने आपल्याला कड्याच्या पायथ्याशी सोडतात. गाव वर, कड्याच्या माथ्यावर. वर जायला केबल कार, नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या, नाहीतर गाढव. जुलैचा महिना होता, तीन जहाजं एकाच वेळी आलेली, केबल कारची रांग हलत नव्हती. आमच्या गटातल्या ठाण्याच्या एका काकूंना घेरी आली. एका दुकानाच्या छपराखाली त्यांना बसवून, पदर ओला करून मानेवर ठेवला आणि तासाभराने त्यांना घेऊन मी तशीच जहाजावर परतले. त्यांनी सँटोरिनी पाहिली ती खालून. त्यांचे डोळे भरून आले होते, ते मला अजून आठवतं. बेट फार सुंदर आहे, मी लोकांना आवर्जून पाठवते, पण दुखऱ्या गुडघ्यांना भर उन्हाळ्यात नाही.

अलास्कात उलट आहे. तिथे जे बघायचं ते जहाजाच्या बाजूने सरकत येतं. डोंगर, धबधबे, देवमासे आणि सगळ्यात मोठं म्हणजे बर्फ. ग्लेशियर बे नावाच्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ आत सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येतात, शिडीने वर चढतात आणि दिवसभर माइकवरून माहिती सांगतात. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकूव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीची मोहीम तिथे पोचली, तेव्हा या उपसागराच्या तोंडाजवळच बर्फाची भिंत उभी होती. आता तीच वाट जवळजवळ शंभर किलोमीटर मोकळी झाली आहे आणि आपलं जहाज तिथून आत जातं. शेवटी मार्जरी नावाची हिमनदी येते. पाण्यावर २५ मजली इमारतीएवढी भिंत, निळसर. जुना बर्फ दाबून इतका घट्ट झालेला असतो की तो प्रकाशातला लाल रंग गिळतो आणि निळा तेवढा बाहेर पाठवतो. जहाज तिच्यासमोर थांबवून सावकाश गोल फिरवतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खोल्यांना नीट दिसतं.

माझ्याबरोबर पार्ल्याच्या एक आजी होत्या, ७६ वर्षांच्या. सहावारीखाली लोकरी लेगिंग, वर मुलाचा जाड कोट, डोक्याला माकडटोपी. घरून आणलेल्या स्टीलच्या फुलपात्रात चहा घेऊन कठड्याशी खुर्चीत बसल्या होत्या. पाण्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे तडतडत होते, फोडणीत मोहरी पडावी तसे. शेकडो वर्षं आत कोंडलेली हवा सुटते, तिचा तो आवाज. मग भिंतीचा एक कडा सुटला. पडताना आधी दिसला आणि गडगडाट मागून आला, विजेसारखा. अख्खा डेक गप्प झाला. आजींचा चहा फुलपात्रात गार होऊन गेला, त्यांनी तो तोंडालाही लावला नाही. त्या दिवशी त्या शंभर पावलंसुद्धा चालल्या नसतील.

आता थंडीचं. अलास्का म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इग्लू येतात. क्रूझ जातात त्या उन्हाळ्यात, साधारण मे ते सप्टेंबर. जुनो हे तिथलं राजधानीचं गाव. बाहेरून रस्त्याने तिथे जाताच येत नाही, बोट किंवा विमानच. त्या जुनोमध्ये जुलैत दुपारी १७-१८ अंश आणि पहाटे १० च्या आसपास असतं, म्हणजे आपल्या नाशिकची डिसेंबरातली पहाट. जहाजाच्या आत तर ऊबच असते. खरा त्रास आहे तो वाऱ्याचा आणि ओलीचा. केचिकन नावाचं बंदर लागेल, तिथे वर्षाला मुंबईच्या साधारण दीडपट पाऊस पडतो आणि तो झिरपत राहणारा. संधिवाताला ओल चालत नाही, त्यामुळे तुमची भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहे. अंगाला चिकटून थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं, सगळ्यात वर टोपी असलेला वाऱ्या-पावसाचा कोट. एकच जाडजूड कोट घेऊ नका, आत-बाहेर करताना काढायचा-घालायचा वैताग होतो. छत्री घरीच ठेवा, तो वारा तिला उलटी करतो. गुडघ्यांना लोकरी नी-कॅप आणि दोन जोड बूट, कारण ओला बूट रात्रीत वाळेलच असं नाही. डेकवर अर्धा तास बसायचं, आत येऊन सूप घ्यायचं, पुन्हा जायचं. संधिवाताच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना प्रवासाचा कार्यक्रम दाखवून ठेवा आणि गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा.

महिना निवडायचा तर मेचा मध्य ते जूनचा मध्य. तिकडचे त्यातल्या त्यात कोरडे दिवस तेच, डोंगरांवर बर्फ शिल्लक असतो आणि जूनमध्ये जुनोला दिवस १८ तासांचा असतो. हवाईच्या उबदार पाण्यात हिवाळा काढलेले हंपबॅक देवमासे तोवर खायला उत्तरेकडे आलेले असतात. सप्टेंबरात भाव उतरतात, पण पाऊस वाढतो. तुम्ही त्या मोहात पडू नका.

बोट लागण्याबद्दल तुम्ही शेवटी, एका वाक्यात लिहिलंय, पण माझ्या मते तोच तुमचा खरा प्रश्न आहे. जहाज व्हँकूव्हरहून निघणारं घ्या. ते बेटांच्या आडोशाने, अरुंद सामुद्रधुन्यांतून वर जातं. तो इनसाइड पॅसेजचा मार्ग बराच शांत असतो. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलहून निघणारी पुष्कळ जहाजं व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात, तिथे हेलकावे जास्त. तिकीट काढताना हा मार्ग विचारून घ्या, कुणी आपण होऊन सांगत नाही. खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यांवर मागा. सीसॉच्या टोकावर बसलं की पोटात गोळा येतो, मध्ये बसलं की नाही, तसंच हे. उपाशीपोटी राहू नका, आलेपाक जवळ ठेवा, नजर क्षितिजावर ठेवा. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची आणि बीपी किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारून. बाल्कनीची खोली मात्र घ्याच. किनारी उतरून करायच्या महागड्या सहलींतली एखादी गाळा आणि ते पैसे बाल्कनीत घाला. ब्लँकेट गुंडाळून, खुर्चीत पाय वर घेऊन जे बघाल, ते तुम्हाला दुसरं कुणी दाखवू शकणार नाही.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. व्हँकूव्हर कॅनडात आहे, तेव्हा भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो. सिअ‍ॅटलहून गेलात तरी सुटका नाही. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेल्या जहाजाने मध्ये दुसऱ्या देशाचं बंदर केल्याशिवाय अमेरिकेतले प्रवासी अमेरिकेतच आणून सोडायचे नाहीत, असा १८८६ पासूनचा कायदा आहे आणि बहुतेक सगळीच क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याची. म्हणून ती कॅनडात व्हिक्टोरियाला थांबतात. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला त्यांच्या एजंटने हे सांगितलंच नव्हतं. बॅगा भरून, विमानाने जाऊन, धक्क्यावरून परत फिरले. पैसेही गेले. तेव्हा आधी कॅनडाचा व्हिसा हातात, मग बाकीचे पैसे भरा.

आणि अलास्काचे पैसे भरण्याआधी, पाऊस संपला की बॅलार्ड पिअरहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर दोन रात्री काढून या. माझं लहानपण भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या बोटीत गेलं. तिच्यात आणि आजच्या जहाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रेवसच्या लाँचची धास्ती त्या दोन रात्रींत गेली तर व्हँकूव्हरचं तिकीट काढा. नाही गेली, तर तुमच्या यजमानांना माझं हे पत्र दाखवा आणि रेल्वेने कुठेतरी गार ठिकाणी जा. दोघांपैकी एकाने आठ दिवस खोलीत पडून राहायचं, अशी ४० वर्षांची आठवण नको.

प्रश्न : आम्ही दोघं आणि १२ व ९ वर्षांची मुलं. शाळेला सुट्टी मेमध्येच. नॉर्वेच्या क्रूझवर मुलांना नॉर्दर्न लाइट्स दाखवायचे आहेत. मिळतील का?
– वसई

उत्तर : नाही मिळणार. कुणी मेमध्ये दाखवतो म्हणाला तर त्याच्याकडे बुकिंग करू नका. ते प्रकाश आकाशात असले तरी दिसायला काळोख लागतो, आणि नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ट्रोम्सो गावाला २० मेच्या सुमारास सूर्य मावळायचा थांबतो तो २२ जुलैच्या आसपास पुन्हा मावळतो. लाइट्ससाठी सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर, म्हणजे दिवाळीची सुट्टी मोठी करता आली तर बघा.

पण मे वाया घालवू नका. त्या महिन्यात वरचा बर्फ वितळत असतो, म्हणून फिओर्डमधले, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांमधले धबधबे भरून वाहतात, आणि हार्डांगरला सफरचंदांच्या बागा फुलतात. जहाज फ्लोमला थांबणारं असेल तर मुलांना तिथल्या रेल्वेत बसवा. २० किलोमीटरमध्ये ती समुद्रकाठावरून ८६६ मीटर चढते, कसाऱ्याचा घाट आवडणाऱ्या मुलाला ती वर्षभर पुरेल. नॉर्वेला लागणाऱ्या शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मेच्या गर्दीत शेवटपर्यंत थांबू नका. जहाज साउदॅम्प्टनहून निघत असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेल.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये कॅरिबियनची क्रूझ फार स्वस्त दिसते. घ्यावी का?
– दादर

उत्तर : स्वस्त आहे ती वादळांमुळे. तिकडचा हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर आणि सप्टेंबर हा त्याचा ऐन भर. वादळाची खबर आधी लागते, कप्तान वाट बदलतो, त्यामुळे जिवाची भीती धरू नका. मात्र तुम्ही ज्या बेटासाठी निघालात ते न लागता दुसरंच लागू शकतं, किंवा एक दिवस नुसता समुद्रावर जाऊ शकतो. मुंबईहून इतका लांबचा प्रवास करून जायचं तर डिसेंबर ते एप्रिलमध्ये जा. त्याच पैशांत जवळचं ऊबदार काही हवं असेल तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये दुबईहून निघणाऱ्या क्रूझ बघा, विमानाचे तीन तास आणि हवा आपल्या जानेवारीसारखी.