वाचक विचारतात: 272 माणसं आणि कॉलेजचं कर्ज

प्रश्न: ताई, माझ्या मुलीला वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीय. तिथल्या सिनियर मुलींकडून तिला कळलं की या कॉलेजने पूर्वी गुलाम विकले होते आणि त्याची भरपाई म्हणून मुलांकडून वेगळी फी घ्यायचं ठरलं होतं. आम्ही सांगलीची माणसं, माझे आजेसासरे हळदीच्या अडतीवर हमाली करायचे. आमचा यात काय संबंध? आम्ही का भरायचे पैसे?
– एक आई, सांगली

उत्तर: आधी पैशाचं सांगते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. अशी फी कॉलेज घेत नाही. एप्रिल 2019 मध्ये तिथल्या मुलांनीच मतदान घेतलं होतं, की प्रत्येकाने दर सेमिस्टरला 27 डॉलर 20 सेंट द्यायचे आणि ते विकलेल्या लोकांच्या वंशजांसाठी वापरायचे. आकडा असा विचित्र का, तर विकलेली माणसं 272. मतदान करणाऱ्या मुलांपैकी दोन तृतीयांश मुलं हो म्हणाली. पण ते कॉलेजवर बंधनकारक नव्हतं, आणि पुढे कॉलेजने जाहीर केलं की मुलांकडून फी नको, आम्ही देणग्यांमधून वर्षाला 4 लाख डॉलरच्या आसपास उभे करतो. तेव्हा लेकीच्या फीच्या पावतीत ते 27 डॉलर शोधत बसू नका.

आता संबंध काय ते. जॉर्जटाउन 1789 चं, जेझुइट पाद्र्यांचं, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या एका संघाचं. या पाद्र्यांचे मेरीलँडमध्ये मोठमोठे मळे होते, तंबाखूचे वगैरे, आणि राबायला गुलाम. मळ्याच्या उत्पन्नावर शिक्षणाचं काम चालवायचं असं सगळं गणित होतं, ते गणित फसत गेलं आणि कॉलेज कर्जात बुडालं. मग 1838 मध्ये जेझुइटांच्या मेरीलँड शाखेचे प्रमुख थॉमस मलेडी, हे आधी कॉलेजचे प्रेसिडेंट होते, आणि तेव्हाचे प्रेसिडेंट विल्यम मॅकशेरी या दोघांनी मिळून 272 माणसं दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यातल्या दोन मळेवाल्यांना 1 लाख 15 हजार डॉलरला विकायचा सौदा केला. त्यातला एक मळेवाला हेन्री जॉन्सन, लुइझियानाचा माजी गव्हर्नर. विकलेल्यांत म्हातारी माणसं होती, दोन महिन्यांचं बाळ होतं. जहाज न्यायला येतंय कळल्यावर काही जण पळून लपले.

आणि हे सगळं रोमच्या, म्हणजे तिथे बसणाऱ्या जेझुइटांच्या वरिष्ठांच्या, परवानगीने बरं का. फक्त रोमने अटी घातल्या होत्या: कुटुंबं तोडायची नाहीत, तिकडे त्यांना चर्चला जाता आलं पाहिजे, आणि आलेला पैसा कर्ज फेडायला वापरायचा नाही. अटी कागदावर राहिल्या. पहिला हप्ता 25 हजार डॉलरचा आला, त्यातले साधारण 17 हजार सरळ कॉलेजच्या कर्जात गेले. पुढे बोंबाबोंब झाल्यावर मलेडींना पदावरून काढून रोमला बोलावलं, पण काही वर्षांनी ते परत आले आणि 1845 मध्ये पुन्हा कॉलेजचे प्रेसिडेंट झाले! कॅम्पसवरच्या इमारतीला नावही त्यांचंच होतं, पार 2015 मध्ये मुलांनी प्रेसिडेंटच्या ऑफिसबाहेर ठिय्या देईपर्यंत.

माझं मत विचाराल तर हा हिशोब संस्थेचा आहे, तुमच्या लेकीच्या घराण्याचा नाही. आपल्याकडे बाप गेला की पोरगा वारसाने शेत नावावर करून घेतो, तेव्हा सोसायटीच्या कर्जाचा बोजाही उताऱ्यावर तसाच राहतो, शेत माझं आणि बोजा बापाचा असं कोणी ऐकून घेत नाही. 1789 चं कॉलेज म्हणून मिरवायचं असेल तर 1838 पण त्याच उताऱ्यावर आहे. आणि जॉर्जटाउनने निदान उतारा काढून तरी बघितला, 2015 मध्ये कमिटी नेमली, एप्रिल 2017 मध्ये वंशजांसमोर जाहीर माफी मागितली, मलेडींचं नाव काढून त्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव दिलं. आयझॅक म्हणजे विक्रीच्या करारात ज्यांचं नाव सगळ्यात पहिलं आहे ते. वंशजांना ॲडमिशनमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मुलांइतकं झुकतं माप द्यायचंही ठरलं. हे मला जरा हात राखून दिल्यासारखं वाटतं, कारण ॲडमिशन मिळाली तरी तिथला खर्च कोण करणार? 2021 मध्ये जेझुइटांनी वंशजांसोबतच्या फाउंडेशनला 10 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, ते जास्त वजनदार.

लेक तिकडे पोचली की तिला सांगा, हॉकिन्स हॉलवरून जाताना एकदा पाटी वाच.

प्रश्न: अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीचं नाव मद्रासच्या गव्हर्नरवरून पडलंय हे खरं का? त्याचाही गुलामांशी संबंध होता म्हणे.
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: खरंय. एलिहू येल, ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, 1687 ते 1692 मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर. त्याच्या काळात तिथून गुलाम जहाजावर चढवले जायचे आणि कारभार त्याच्या हाताखालचा. खाजगी धंद्यातून बक्कळ कमावलं, आणि 1718 मध्ये कनेक्टिकटच्या एका छोट्या कॉलेजला 9 गठ्ठे माल, 417 पुस्तकं आणि राजाचं एक चित्र पाठवून दिलं. माल विकून 562 पौंड आले आणि तेवढ्यावर नाव कायमचं लागलं, इतकी स्वस्त पाटी आजकाल मंगल कार्यालयाच्या पंख्यावर पण मिळत नाही. येलनेही 2020 पासून स्वतःचा इतिहास खणायला घेतला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये माफी मागितली.

प्रश्न: मी तलाठी म्हणून रिटायर झालो. ज्यांना जमीन नाही, घर नाही, कागदावर धड आडनाव नाही, त्यांचे वंशज पावणेदोनशे वर्षांनी सापडतात कसे? मला तर हे पटत नाही.
– एक वाचक, सातारा

उत्तर: काका, तुमच्यासारख्यालाच हे सगळ्यात पटकन पटेल. आधी कॉलेजकडे चौकशी केलेल्या रिचर्ड चेलिनी नावाच्या माजी विद्यार्थ्यालाही हेच ऐकायला मिळालं होतं, की ती माणसं तिकडे दलदलीत तापाने मेली, कोणी उरलं नाही. हा गडी वकील. त्याला काही ते पटेना. त्याने पदरचे पैसे घालून वंशावळी शोधणारी माणसं कामाला लावली आणि वंशज हजारोंनी निघाले.

कागद होतेच हो, कारण माणूस मालमत्ता असला की त्याची नोंद चोख ठेवतात. 19 जून 1838 चा करार बघा, सुरुवातच अशी: आयझॅक, वय 65, त्याचा थोरला मुलगा चार्ल्स, 40, मुलगी नेली, 38. नाव, नातं, वय. (19 जून ही अमेरिकेत आता गुलामगिरी संपल्याची राष्ट्रीय सुट्टी असते, योगायोग कसा बघा.) मग पाद्र्यांची बाप्तिस्म्याची रजिस्टरं. मग लुइझियानात ही माणसं जमिनीसकट गहाण पडली, पुन्हा विकली गेली, त्याचे दस्त. मग 1870 ची जनगणना, तिच्यात आडनावं आली. ही सगळी साखळी जोडत कॉर्नेलियस हॉकिन्स सापडला, विकला तेव्हा 13 वर्षांचा पोरगा, आयझॅकचाच नातू. त्याची कबर मॅरिंग्विन नावाच्या गावातल्या कॅथलिक दफनभूमीत आहे आणि आजूबाजूला त्याचीच भावकी राहते, त्यांना 2016 पर्यंत जॉर्जटाउनचं काही माहीत नव्हतं. फ्रँक कॅम्पबेल म्हणून एकाचा तर म्हातारपणचा फोटोसुद्धा लुइझियानातल्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत निघाला.

हे बरेचसे कागद नेटवर फुकट आहेत, नातवाला ‘जॉर्जटाउन स्लेव्हरी आर्काइव्ह’ शोधून द्यायला सांगा. त्यात ‘कॅथरीन जॅक्सन’ या जहाजाची यादी आहे, नाव, वय असे रकाने पाडलेली. तुम्ही आयुष्यभर फेरफार वाचलेत, तुम्हाला वेगळं शिकवायला नको. उंचीचा रकाना आधी बघा, त्यात पोरांची उंचीसुद्धा फूट-इंचात मांडलीय.